चोरखिशातलं लोखंड

[दृश्य: ह्यूस्टनच्या एका उपनगरातलं वाणसामानाचं मोठं दुकान. सरकतं काचेचं दार. दारावर चिकटवलेला मजकूर हळूहळू स्पष्ट होत जातो.]

आपल्याकडे दुकानात काय काय लिहिलेलं असतं? 'आज रोख, उद्या उधार.' 'आमची कोठेही शाखा नाही.' देवळाबाहेर 'चपला येथे काढाव्यात.' टेक्ससमध्ये कित्येक दारांवर लिहिलेलं असतं, की पिस्तूल घेऊन आत येऊ नये. तेही सुटसुटीत एका ओळीत नाही. अक्षर किमान १ इंच उंच हवं, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, असा कायद्याचाच दंडक. परवानाधारकाने लपवून आणू नये म्हणून कलम ३०.०६ ची पाटी. त्यानेच उघडं लावून आणू नये म्हणून ३०.०७ ची. आणि ज्यांनी परवानाच काढलेला नाही, त्यांच्यासाठी ३०.०५ ची. तिन्ही लावल्या की आत दुकान आहे हे ओळखायला काच उरत नाही.

मी इथे नवी होते तेव्हा असल्या दारातून आत शिरताना प्रत्येकाच्या कमरेकडे बघत असे. ज्या दुकानावर पाटी नसे, तिथे तर जरा जास्तच. कधी काही दिसलं नाही. मग एकदा दुधाच्या फ्रीजसमोर एक सत्तरीचे आजोबा खालच्या फळीवरचा कॅन घ्यायला वाकले, त्यांचा चौकडीचा शर्ट वर सरकला आणि पाठीमागे पट्ट्याजवळ तपकिरी चामड्याचं टोक दिसलं. आजोबांनी कॅन तसाच सोडला, हात मागे नेला आणि शर्ट खाली ओढला. आमची आजी चारचौघांत पदर सारखा करायची, अगदी तसा. मग इकडेतिकडे पाहून कॅन उचलला.

त्या पिस्तुलापेक्षा मला त्या हाताची गंमत वाटली. लोकलमध्ये 'खिसेकापूंपासून सावध राहा' ही पाटी वाचली की सगळ्यांचे हात आपापल्या पाकिटावर जातात, आणि पाकीट कुठे आहे ते खिसेकापूला आपोआप कळतं. ही फिल्म त्या हातांची आहे.

[दृश्य: टेबलावर ठेवलेला वजनकाटा. त्यावर कांदे. आकडा ८५० ग्रॅमवर थांबतो.]

आधी वजन समजून घेऊ. अमेरिकेत अंगावर बाळगायला जी पिस्तुलं लोकप्रिय आहेत, त्यातलं एक म्हणजे ग्लॉक १९. काडतुसं भरलेलं ग्लॉक १९ साधारण साडेआठशे ग्रॅम भरतं. म्हणजे किलोला जरा कमी असे कांदे घ्या, विजारीच्या पट्ट्यात खोचा आणि दिवसभर ऑफिसात बसा. जेवा. गाडी चालवा. बसल्यावर ते बरगडीला टोचतं, उभं राहिल्यावर विजार एका बाजूला ओढतं. म्हणून त्यासाठी खास जाड, ताठ चामड्याचे पट्टे मिळतात. विजारीसुद्धा नेहमीपेक्षा मोठ्या मापाच्या घ्याव्या लागतात, कारण आता त्या विजारीत दोघं राहणार असतात.

या मंडळींची स्वतःची भाषा आहे. कंबर म्हणजे घड्याळ. बेंबी बारावर, उजवी बाजू तीनवर, पाठीचा कणा सहावर. "मी चारला ठेवतो" असं कुणी म्हणालं तर तो चहाची वेळ सांगत नसतो. पोटाच्या उजव्या बाजूला पुढे खोचण्याला चक्क 'ॲपेंडिक्स कॅरी' म्हणतात. नळीचं तोंड कुठे रोखलेलं असतं, याचा विचार केला तर हा अवयव फारच सभ्यपणे निवडलेला आहे. शर्टावरून पिस्तुलाचा आकार उमटला की त्याला म्हणतात 'प्रिंटिंग'. छपाई. आणि ही छपाई झाकायला फोटोग्राफर घालतात तसलं भरपूर खिशांचं जाकीट घालायची पद्धत पडली, तेव्हा त्या जाकिटालाच टोपणनाव मिळालं, 'मला आधी गोळी घाला'. लपवायला घेतलेला कपडाच चुगली करू लागला.

लपवण्यासाठी अंगावर जागा शोधण्यात आपणही काही कमी नाही, हे मान्य करू. आजोबांची कनवट, आजीच्या कमरेचा बटवा, चोळीत घडी करून ठेवलेली पन्नासची नोट, बंडीच्या आतला चोरखिसा. 'चोरखिसा' हा शब्द तर फारच प्रामाणिक आहे. चोर कोण, ठेवणारा की काढणारा, ते तो सांगत नाही. फरक इतकाच, की आजीची नोट निसटून पडली तर आवाज होत नसे.

[दृश्य: जुनं छायाचित्र, कॅन्ससमधला लाकडी इमारतींचा रस्ता. मग आतली खोली, लाकडी खुर्ची, उत्तरेकडची भिंत.]

९ जानेवारी १८७६. कॅन्सस राज्यातलं विचिटा गाव, रविवारची रात्र. गुत्त्याच्या मागच्या खोलीत चार-दोन जण बसले आहेत. त्यातला एक जण गावचा पोलीस आहे. तो खुर्चीत पुढे झुकतो, त्याचं रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरतं आणि पडता पडता त्याचा घोडा खुर्चीवर आपटतो. धाड! गोळी त्याच्याच कोटातून आरपार जाते, उत्तरेकडच्या भिंतीवर आपटते, तिथून उसळते आणि छतातून बाहेर. खोलीतल्या मंडळींची पळापळ झाली, असं गावच्या 'बीकन' या वर्तमानपत्राने मिश्कीलपणे छापलं.

हा पोलीस म्हणजे वायट अर्प. पुढे पाच वर्षांनी ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावच्या गोळीबारामुळे अमेरिकेच्या दंतकथेत जाऊन बसलेला.

चूक काय झाली? त्या काळच्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहा घरं असत. पण शहाणी माणसं पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. अर्पने सहाही भरली होती. (मुंबईत 'घोडा' म्हणजे अख्खं पिस्तूल. इथे मात्र घोडा म्हणजे फक्त तो मागचा ठोकणारा भाग.) २६ ऑक्टोबर १८८१ ला टूमस्टोनमध्ये खरी वेळ आली, तेव्हा त्याने पिस्तूल म्यानात ठेवलंच नव्हतं. ओव्हरकोटाच्या खिशात टाकलं होतं. हे त्याने स्वतः न्यायालयात सांगितलं आहे. सिनेमातली ती कमरेला लोंबणारी म्यानं आणि मांडीला बांधलेली वादी सोडून द्या. माणूस आपला कोटाच्या खिशात हात घालून चालत गेला.

आणखी एक गोष्ट सिनेमा सांगत नाही. त्या टूमस्टोन गावात शस्त्र घेऊन हिंडायला बंदी होती. डॉज सिटीतही होती. खुद्द टेक्ससने १८७१ मध्ये पिस्तूल बाळगण्यावर कडक बंधनं घातली. केंटकीने तर १८१३ मध्येच लपवून शस्त्र बाळगायला बंदी केली होती. त्या काळी विचार असा, की सभ्य माणसाचं शस्त्र दिसायला हवं. लपवतो तो दगाबाज. आज बरोबर उलटं झालंय. कमरेला उघडं पिस्तूल लावून कुणी किराणा आणायला आला, तर टेक्ससमध्येही लोक जरा लांबून जातात.

[दृश्य: वॉशिंग्टन, फोर्ड थिएटरचं संग्रहालय. काचेमागे तळहातात मावेल एवढं पिस्तूल.]

दगाबाजाचं शस्त्र म्हणजे कसं, ते पाहायचं तर इथे यायला हवं. फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांनी घडवलेलं हे पिस्तूल. जेमतेम ६ इंच लांब, एकाच गोळीचं. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री जॉन विल्क्स बूथ हे खिशात घालून नाटकगृहात शिरला आणि त्याने अब्राहम लिंकन यांच्या डोक्यात गोळी घातली.

डेरिंजर यांच्या पिस्तुलांना एवढी मागणी होती, की नकलांचा सुळसुळाट झाला. काहींनी तर कमाल केली. जॉन डेरिंजर नावाचा एक शिंपी गाठला आणि त्याला धंद्यात घेतलं, म्हणजे पिस्तुलावर 'डेरिंजर' कोरलं तरी खोटं ठरायला नको. मापं घेणाऱ्या त्या बिचाऱ्याचं नाव नळीवर गेलं! हेन्री डेरिंजर नक्कलखोरांविरुद्ध न्यायालयात गेले, खटलाही गाजला, पण नाव हातातून सुटायचं ते सुटलंच. आज कुठल्याही चिमुकल्या पिस्तुलाला इंग्रजीत 'डेरिंजर' म्हणतात, आणि तेही स्पेलिंगमध्ये एक 'आर' जास्तीचा घालून.

त्याच सुमारास युरोपातल्या बायका थंडीत हात घालायला जो केसाळ मफ वापरत, त्यात छोटी पिस्तुलं ठेवत. त्यांचं नावच 'मफ पिस्टल'. पॅरिसच्या जाक तुर्बियो यांनी १८८२ मध्ये तर गोल, चपटं पिस्तूल काढलं. तंबाखूच्या डबीला नळी फुटावी तसं. मुठीत धरायचं, नळी दोन बोटांच्या मधून बाहेर काढायची आणि लिंबू पिळावं तसं दाबायचं.

आणि मग 'अपाश'. बेल्जियमच्या लीएजमध्ये लुई डोल्न यांनी काढलेलं आणि पुढे पॅरिसच्या गुंडांच्या टोळीवरून नाव पडलेलं. रिव्हॉल्व्हर, घडीचा सुरा आणि ठोसा मारायची लोखंडी मूठ, तिन्ही एकात. घडी केली की खिशात मावतं. नळीच नाही, त्यामुळे नेम लागण्याची आशा सोडायची. सुरा इतका नाजूक, की वाकेल. चापाला बाहेरून संरक्षण नाही, म्हणून खिशात ठेवणाऱ्याने घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं हे बरं. थोडक्यात, एक ना धड भाराभर चिंध्या.

माझं सगळ्यांत लाडकं मात्र 'वेलो-डॉग'.

[दृश्य: फ्रान्समधली सायकलस्वारांची जुनी चित्रं. मिशा, टोप्या, धूळ. मागे धावणारं कुत्रं.]

१८९० च्या दशकात फ्रान्समध्ये सायकलचं वेड आलं. सायकल आली म्हणजे मागे कुत्रं आलंच. पुण्यात रात्री साडेदहानंतर सायकल चालवलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. दोन्ही पाय हँडलवर घेऊन उताराला देवाचं नाव घेत सुटलेले आपण सगळेच. फ्रेंचांनी यावर तोडगा काढला, रिव्हॉल्व्हर. पॅरिसचे बंदूककार शार्ल-फ्रांस्वा गालां यांनी सायकलवाल्यांसाठी खिशातलं रिव्हॉल्व्हर आणलं. 'वेलो' म्हणजे सायकल, आणि 'डॉग' म्हणजे डॉग. याच्या पुष्कळ नगांत घोडा आतच दडवलेला असे आणि चाप घडी घालून वर दुमडता येई. म्हणजे चालत्या सायकलवर बाहेर काढताना ते खिशाच्या अस्तरात अडकू नये. कुत्र्याचा जीव घ्यायचा नसेल त्यांच्यासाठी बुचाच्या किंवा लाल तिखटाच्या पुडीच्या गोळ्याही मिळत.

तिखटाची कल्पना आपल्याला सुचली असती, यात मला शंका नाही. पण एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने कोटाच्या खिशातून रिव्हॉल्व्हर, मागे भुंकणारं कुत्रं आणि खाली दगडी रस्ता, अशा अवस्थेत नेम कुत्र्याला लागत असेल की स्वतःच्या पोटरीला?

[दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज: नृत्याचं संगीत, गर्दी.]

हा प्रश्न अगदीच थट्टेचा नाही. प्लॅक्सिको बरेस हा न्यूयॉर्क जायंट्स संघाचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू. फेब्रुवारी २००८ मध्ये, सुपर बोल या मोसमाच्या अंतिम सामन्यात ३५ सेकंद उरले असताना विजयी टचडाऊनचा झेल त्याने घेतला. अख्ख्या देशाने पाहिलेले हात. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या रात्री तो मॅनहॅटनमधल्या एका नाइट क्लबमध्ये गेला. अंगात सैल स्वेटपँट, म्हणजे आपली नाडीची विजार समजा, आणि तिच्यात ग्लॉक पिस्तूल. ते आतून पायात घरंगळलं. त्याने ते झेलायला हात घातला. झेल घेतला, पण चाप दाबला गेला. गोळी स्वतःच्याच मांडीत. न्यूयॉर्कचा कायदा कडक. या पिस्तुलाचा तिथला परवाना नव्हता. दोन वर्षांची शिक्षा झाली आणि जवळपास २० महिने तुरुंगात काढावे लागले.

२०१८ च्या जूनमध्ये डेन्व्हरमध्ये एफबीआयचा एक अधिकारी सुट्टीच्या दिवशी नाचायला गेला. लोकांनी गोल रिंगण केलं, हा मध्ये. रंगात येऊन त्याने उलटी कोलांटी मारली. तो हवेत असतानाच कमरेचं पिस्तूल जमिनीवर पडलं. तो पायावर उतरला, पिस्तूल उचलायला झेपावला, आणि उचलताना ते उडालं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायात गोळी गेली. हे सगळं कुणीतरी मोबाइलवर चित्रित करत होतं. मी तो व्हिडिओ अनेकदा पाहिला. गोळी उडाल्यावर तो गृहस्थ पिस्तूल कमरेला खोचतो आणि दोन्ही हात वर करून चालू लागतो. लग्नाच्या पंगतीत वाढताना आमटी सांडली, तर माणूस असाच निघून जातो.

अर्प, बरेस आणि हा अधिकारी, तिघांचंही पिस्तूल कुणी हिसकावलं नाही, कुणी शोधलं नाही. ते आपलं आपण बाहेर आलं.

[दृश्य: स्मार्टफोनसारखी दिसणारी काळी वस्तू. उघडते. आत दोन नळ्या.]

मग बुद्धिमान लोक म्हणाले, पिस्तूल लपवायचंच कशाला? ते पिस्तुलासारखं दिसायलाच नको. २०१६ मध्ये मिनेसोटातल्या एका गृहस्थाने मिटल्यावर मोबाइलसारखं दिसणारं, दोन गोळ्यांचं पिस्तूल जाहीर केलं. कल्पना कशी सुचली, तेही त्याने सांगितलं. तो हॉटेलात बसला असताना एका लहान मुलाला त्याच्याजवळचं पिस्तूल दिसलं आणि ते मोठ्याने आईला म्हणालं, त्या माणसाकडे बंदूक आहे. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

पोरांपासून काही लपत नाही, ही गोष्ट खरी. पण त्यावरचा इलाज बघा. पिस्तूल फोनसारखं दिसू लागलं, की खिशातून फोन काढणारा प्रत्येक माणूस पोलिसाला पिस्तूलवाला दिसू शकतो. ही भीती तेव्हाच अनेकांनी बोलून दाखवली. आमच्यासारख्या सावळ्या रंगाच्या माणसांनी ती जरा जास्तच लक्ष देऊन ऐकली.

पट्ट्याच्या बक्कलमध्ये बसणारं इवलंसं रिव्हॉल्व्हरही मिळतं. ते तर बेंबीसमोर चकाकत असतं. लोकांना शोभेचं वाटतं. चोळीला अडकवायचं म्यान मिळतं, त्याचं नाव 'फ्लॅशबँग'. ॲपेंडिक्सच्याही खाली, अंतर्वस्त्रात ठेवायचं मिळतं, त्याचं नाव 'थंडरवेअर'. यावर मी काहीही बोलणार नाही.

आणि या सगळ्याच्या उलट, टेक्ससची 'बार्बेक्यू गन'. रोजचं काळं, ओबडधोबड पिस्तूल घरी ठेवायचं आणि समारंभाला नक्षी कोरलेलं, हस्तिदंती मुठीचं, नक्षीदार चामड्याच्या म्यानातलं मिरवायचं. ही पैठणी आहे. कपाटातून वर्षातून दोनदा निघते आणि ती दिसली नाही तर काय उपयोग?

टेक्ससमधल्या पिस्तुलांचा विषय निघाला की रिक पेरी यांचं नाव निघतंच. राज्यपाल असताना २०१० मध्ये ते पहाटे मुलीच्या कुत्र्याला घेऊन पळायला गेले, वाटेत कोयोट, म्हणजे तिथला लांडग्यासारखा छोटा प्राणी, आडवा आला, आणि त्यांनी जवळचं छोटं रूगर पिस्तूल काढून तो मारला. सापांची भीती वाटते म्हणून पळतानाही पिस्तूल जवळ ठेवतो, असं ते म्हणाले. कंपनीने संधी साधली. 'कोयोट स्पेशल' नावाची आवृत्ती काढली आणि खोक्यावर छापलं, फक्त टेक्ससवासीयांना विक्रीसाठी. चितळ्यांच्या बाकरवडीवर 'फक्त पुणेकरांसाठी' असं छापल्यासारखं.

[दृश्य: संगीत थांबतं. एका बाईची पर्स, खुर्चीवर ठेवलेली. चेन बंद.]

इथे जरा थांबते.

३० डिसेंबर २०१४, आयडाहो राज्य. एक तरुण आई नाताळच्या सुट्टीत दुकानात खरेदी करत होती. पिस्तुलासाठी वेगळा चोरखिसा असलेली पर्स तिला नुकतीच नाताळची भेट म्हणून मिळाली होती. पर्स सामानाच्या ढकलगाडीत होती. शेजारी तिचा २ वर्षांचा मुलगा. मुलाने चेन उघडली.

आई जागीच गेली.

आणि टेक्ससमध्ये लपवून पिस्तूल बाळगायला परवानगी कशी मिळाली, तेही याच सुरात सांगायला हवं. १९९१ मध्ये किलीन गावातल्या एका खाणावळीत एका माणसाने २३ जणांचा जीव घेतला. तिथे आईवडिलांसोबत जेवत असलेल्या सुझॅना हप यांचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण कायद्याने आत आणता येत नव्हतं. त्यांचे आईवडील त्यात गेले. त्या पुढे आमदार झाल्या. १९९५ मध्ये कायदा बदलला. २०२१ च्या सप्टेंबरपासून तर बहुतेक प्रौढांना परवानाही लागत नाही. एका बाईचं पिस्तूल जवळ नव्हतं, दुसरीचं फारच जवळ होतं. दोघींचं मला पटतं, आणि रात्री झोप लागत नाही.

[दृश्य: विमानतळ. बॅगांच्या तपासणीचा पट्टा. क्ष-किरणांच्या पडद्यावर नारिंगी, निळे, हिरवे आकार.]

विमानतळावर पुन्हा हसू येतं, कारण इथे सगळं पकडलं गेलेलं असतं.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळावर कच्च्या कोंबडीच्या पोटात पिस्तूल सापडलं. आपण भरली वांगी करतो, त्यांनी भरली कोंबडी केली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला पीनट बटरच्या दोन बरण्यांमध्ये एका पिस्तुलाचे सुटे भाग निघाले. यातली खरी गंमत अशी, की त्या बरण्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत होत्या. त्या बॅगेत पिस्तूल रीतसर नेता येतं. रिकामं करायचं, कडक पेटीत कुलूप लावून ठेवायचं आणि काउंटरवर सांगायचं. त्याऐवजी ह्या माणसाने शेंगदाण्याच्या लगद्यात हात बरबटून घेतले.

पण असले कलाकार मूठभर. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका-पिस्तुलं सापडली. रोज सरासरी १८. त्यातली ९३ टक्के भरलेली. अटलांटाचा नंबर पहिला, ४५१. आमचं ह्यूस्टनही फार मागे नाही. आणि विचारल्यावर सर्वांत जास्त वेळा मिळणारं उत्तर एकच: विसरलो. बॅगेत आहे, हेच विसरलो.

साडेआठशे ग्रॅम लोखंड! त्यासाठी जाड पट्टा घेतला, मोठ्या मापाची विजार घेतली, शर्ट सतत खाली ओढला, छपाई होते का ते आरशात पाहिलं. जगापासून लपवता लपवता इतकं बेमालूम लपलं, की एके दिवशी मालकालाच सापडेना. सापडलं ते पडद्यावर, लॅपटॉपच्या शेजारी, आणि दंड हजारो डॉलर्सचा.

माझी आई सहा महिने राहून परत निघाली तेव्हा मी तिच्यासोबत तपासणीच्या रांगेपर्यंत गेले होते. आमच्यापुढे एका उंच, टोपीवाल्या माणसाला बाजूला घेतलं होतं. दोन पोलीस आले. तो कपाळावर हात मारून सांगत होता, 'आय फर्गॉट, आय फर्गॉट.'

आईने मला विचारलं, "काय विसरला गं तो?"

मी म्हटलं, "पिस्तूल."

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढं मोठं?"

मग तिची पर्स पट्ट्यावरून आत गेली. पट्टा थांबला. मागे आला. पुन्हा आत गेला. तपासणीवाल्या बाईने हातमोजे घातले, पर्स उघडली, रुमाल काढला, औषधांची डबी काढली, आणि खालच्या चोरखिशातून दोन बोटांत धरून बाहेर काढला आईचा पितळी अडकित्ता.

आईचा हात आपोआप पर्सकडे गेला.

[दृश्य: ट्रेमध्ये पडलेला अडकित्ता. पट्टा पुढे सरकतो.]